तांदळातलं नाव

मी गाडी चालवायला पन्नाशी उलटल्यावर शिकले, आणि त्याला कारण एक गुरुवार. माझ्या सासूबाई दर गुरुवारी लालबागहून ठाकूरद्वारला भजनाला जातात. वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत, गुडघे मात्र संपावर. टॅक्सीवाल्याला ठाकूरद्वार म्हटलं की तो मान हलवतो, आणि ती मान होकाराची होती की नकाराची हे टॅक्सी निघून गेल्यावर कळतं. त्या गुरुवारी तिसरी टॅक्सी अशीच गेली, तेव्हा सासूबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या, टाळांची पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "जाऊंदे गो. देव काय पळान जाता?"

त्यांचा हा समजूतदारपणा मला अजिबात सोसवला नाही. घरात गाडी आहे! नवऱ्याने हौसेने घेतलेली. पण लालबागच्या पुलावर एकदा मागच्या ट्रकने कानाशी भोंगा वाजवला, आणि तेव्हापासून माझा नवरा ती गाडी फक्त धुतो. मी तिथेच फूटपाथवर जाहीर केलं, "आई, मी लायसन काढते. मी नेईन तुम्हाला." माझं हे असंच आहे. आधी तोंडातून निघतं, मग डोक्यात शिरतं.

परळच्या एका गल्लीत मोटर ट्रेनिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि वाहतुकीच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता. मालक चाळिशीचा, तोंडात बडीशेप, सगळ्यांना मॅडम म्हणणारा. त्याने जन्मतारखेचा पुरावा मागितला, पत्त्याचा मागितला, वय जास्त म्हणून डॉक्टरचा दाखला मागितला. मी ऐटीत प्लास्टिकची पिशवी उलटी केली. त्याने माझं आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी शेजारी ठेवले, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं.

"मॅडम, ह्या दोन बायका कोण?"

आता हे जरा समजावून सांगायला हवं. मी गिरगावातली. वडील कारकून, घरात वर्तमानपत्रं दोन आणि माणसं चार. तिथे माझं नाव वेगळं होतं. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, तेव्हा लग्नाच्याच दिवशी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं, बायकांनी पेढे वाटले आणि मी बदलले. आडनाव तर बदललंच, पण पहिलं नावही. तेव्हा कोणी मला विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारायला हवं हे मलाही सुचलं नाही. पेढा मात्र चांगला होता.

ही दोन्ही नावं मी इथे सांगणार नाही. ज्या नावासाठी वर्षभर चपला झिजवल्या ते असं फुकटात वाटण्याइतकी मी उदार नाही. माहेरचं तीन अक्षरी, सासरचं चार अक्षरी, एवढ्यावर भागवा.

"दोन्ही मीच," मी मालकाला म्हटलं.

"ते मला दिसतंय हो. कॉम्प्युटरला कसं दिसणार? जन्मतारीख हिची, आधार तिचं. नाव बदलल्याचा काही पुरावा?"

मी विचारात पडले. पुरावा म्हणजे ते तांदूळ. आणि त्या तांदळांची दुसऱ्या दिवशी खीर झाली होती. मला पक्कं आठवतं, कारण मी दोनदा वाढून घेतली होती. म्हणजे पुरावा मीच खाल्ला होता.

"मॅरेज सर्टिफिकेट आणा," मालक बडीशेप चघळत म्हणाला, "मग दोन बायकांची एक होते."

आमच्याकडे मॅरेज सर्टिफिकेट नव्हतं. आमच्या वेळी लग्न झालंय हे चारशे माणसं जेवून गेल्यावर सिद्ध होत असे. नवऱ्याने चौकशी केली, तर कळलं की उशिरा का होईना, नोंदणी करता येते. लग्नपत्रिका हवी, लग्नातला फोटो हवा, साक्षीदार हवेत आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही हवी. पत्रिका सापडली. त्यात माझ्या माहेरच्या नावामागे चि. सौ. कां. लिहिलेलं होतं, पण नव्या नावाचा पत्ता नव्हता. कसा असेल? ते नाव तर मांडवात जन्माला आलं. मग आम्ही अल्बम काढला. आणि काय सांगू, तांदळाच्या ताटाचा फोटो होता! मी आनंदाने ओरडलेच. फोटोत नवरा वाकलेला, मुंडावळ्या नाकावर आलेल्या, हातात अंगठी. फोटोग्राफरला पंगतीची घाई असावी, त्याने दोन अक्षरं होताच बटण दाबलं होतं. उरलेली दोन अक्षरं लिहायची होती.

"यावरून सिद्ध काय होतं?" मी म्हटलं.

"मी लिहायला सुरुवात केली होती, हे," नवरा म्हणाला.

भटजींकडे गेलो, तर त्यांच्या दारावर दुसरीच पाटी. गुरुजी देवाघरी जाऊन सहा वर्षं झाली होती. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी ती प्लास्टिकची पिशवी फुगत चालली आणि माझं डोकं तापत चाललं. पुन्हा परळच्या टेबलापाशी जाऊन बसले. मालकाने शांतपणे एक फॉर्म पुढे सरकवला. नाव बदलल्याची सरकारी राजपत्रात जाहिरात द्यायची, म्हणजे सगळे तंटे मिटतात. फॉर्मवर दोन चौकटी होत्या. एकीत 'जुने नाव', दुसरीत 'नवीन नाव'.

"जुन्यात माहेरचं टाका, नव्यात सासरचं. संपला विषय. फक्त तो शाळेचा दाखला नवीन काढून आणा, याला कसर लागलीय."

खरंच, माझ्या जन्मवर्षाचा शेवटचा आकडा किड्याने खाल्ला होता. बाईचं वय लपवायला किडेसुद्धा मदत करतात. दुसऱ्या दिवशी गिरगावात माझ्या शाळेत गेले. शाळा तीच, जिना तोच, फक्त पायऱ्या बुटक्या झालेल्या. ऑफिसात एक तरुण बाई होत्या. त्यांनी कपाटातून एक भलंमोठं रजिस्टर काढलं, फडक्याने पुसलं, पानं उलटत गेल्या. बोट एका ओळीवर थांबलं. निळी शाई, तिरकं वळणदार अक्षर. आणि त्यांनी माझं तीन अक्षरी नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं मोठ्याने वाचलं.

"हजर," मी म्हटलं.

तोंडातून निघूनच गेलं. त्या बाई हसल्या, मीही हसले. आईवडील गेल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. ते नाव मेलंय असं मी धरून चालले होते, आणि ते इथे कपाटात, फडक्याखाली, सहीशिक्क्यासकट शाबूत होतं. जिना उतरताना मी ठरवून टाकलं. हे जुनं नाही. हे माझं आहे.

घरी आले, पेन घेतलं आणि 'जुने नाव' या चौकटीत सासरचं चार अक्षरी नाव लिहिलं. 'नवीन नाव' मध्ये शाळेच्या रजिस्टरात होतं तसंच्या तसं लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

मालकाने कपाळाला हात लावला. "मॅडम, मग आधार बदला, पॅन बदला, बँक बदला, गॅस बदला. सोपं सोडून अवघड का करताय?"

"करतेय," मी म्हटलं. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण त्याने बडीशेपेची डबी माझ्यापुढे केली.

नवऱ्याने फॉर्म वाचला आणि चष्मा पुसला. "म्हणजे मी आता नक्की कोणाचा नवरा?"

"तू मला कधी नावाने हाक मारलीस? 'अगं', 'ऐकलंस का', यावर संसार केलास. तुला काय फरक पडतो?"

त्याला ते पटलं. तो चांगला माणूस आहे, फक्त ट्रकला घाबरतो. प्रश्न सासूबाईंचा होता. कारण ते चार अक्षरी नाव त्यांनी निवडलेलं. आणि घरात ते घेणाऱ्याही त्या एकट्याच. चहा झाला का एवढं विचारायचं असलं तरी आधी पूर्ण नाव, मग चहा. गरज नसताना, दिवसातून वीस वेळा. लग्न झाल्यावर पहिले काही महिने मला त्या नावाची सवय नव्हती. शेजारणीने गॅलरीतून हाक मारली तर मी आपली भांडी घाशीत बसे, आणि माझ्याआधी सासूबाईच झटकन वळून बघत. मला वाटे, सून ओ देते की नाही हे तपासतात. मी मनातल्या मनात चडफडत असे.

त्यांना मी जेवताना सांगितलं. त्या सोलकढी पीत होत्या. वाटी खाली ठेवली.

"ता नाव नको तुका?"

"नको असं नाही, आई. पण माझं माझं आहे ना एक."

"बरां," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारणं बंद केलं. नुसतं 'गो'. चहा झालो काय गो. दार लाव गो. भांडण नाही, टोमणा नाही, काही नाही. भांडल्या असत्या तर मी दोन हात केले असते, पण या 'गो'शी कसं भांडणार? मी समजले की घराण्याचं नाव टाकलं म्हणून राग आहे. मलाही राग आला. ज्यांच्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्याच रुसून बसल्या! गुरुवारी मी टॅक्सी बघून द्यायची, त्या टाळांची पिशवी घेऊन बसायच्या आणि काचेतून सरळ पुढे बघायच्या. मला वाईट वाटायचं. लायसन मिळेलही, पण शेजारच्या सीटवर बसायला हीच बाई आली नाही तर ते घेऊन मला काय चाटायचंय, असं वाटायचं.

पण सुरू केलेलं सोडणं माझ्या पत्रिकेत नाही. राजपत्र आलं. आधार बदललं. बँकेतल्या मुलीने सही करून दाखवा म्हटलं, तर मी शाळेतल्यासारखी, प्रत्येक अक्षर सुटं काढून सही केली. डॉक्टरने डोळे तपासले. लर्निंगची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले, कारण त्या पिवळ्या तक्त्यासमोर इतके महिने बसून सगळ्या खुणा पाठ झाल्या होत्या. मग गाडी शिकले. पहिल्या दिवशी मालक शेजारी बसून आपल्या ब्रेकवर पाय ठेवून देवाचं नाव घेत होता. महिन्याभराने त्याने पाय मांडी घालून वर घेतला, तेव्हा मी समजले की जमलं. पक्की परीक्षाही पार पडली. "लायसन पोस्टाने घरी येईल," मालक म्हणाला, आणि या वेळी बडीशेप मी त्याला आणून दिली.

पोस्टाने येणार म्हटल्यावर मी निर्धास्त. पण माझी एक चूक राहिली होती. नावाच्या नादात मी सगळ्या कागदांवर नाव बदललं, पत्ता बदललाच नाही. आमची चाळ पाडून तिथे बावीस मजली इमारत झाली, आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. माझ्या आधारवर मात्र अजून चाळीतली खोली नंबर सतरा होती. म्हणजे पाकिटावर नाव असं, जे इमारतीत कोणाला ठाऊक नाही, आणि पत्ता असा, जो मुंबईत शिल्लक नाही.

त्या दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली पोस्टमन दिसला, नवीनच होता. वॉचमन मान हलवत होता. तळमजल्यावरच्या काकू बाहेर आल्या, त्यांनीही मान हलवली. अकराव्या मजल्यावरून ऐकू काही येत नव्हतं, पण त्याच्या हातातलं पाकीट माझंच असणार, हे मी ओळखलं. ओल्या हातांनी तशीच लिफ्टकडे धावले. लिफ्ट अर्थातच एकविसाव्यावर होती.

खाली पोहोचले तेव्हा पोस्टमन पिशवी खांद्याला लावून निघालेला. गेटजवळच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. जेवण झाल्यावर थोडा वेळ त्या तिथेच बसतात. त्यांनी काठी आडवी धरून त्याला अडवलं होतं.

"काय वाचलंस? परत वाच."

त्याने वाचलं. तीन अक्षरी नाव, माझे वडील, माझं माहेरचं आडनाव, खोली नंबर सतरा.

"सतरा नंबर आमची खोली. पन्नास वर्सां काढलंय मी थय. दी हडे." त्यांनी हात पुढे केला.

"आजी, पण ही बाई कोण?"

सासूबाई ताठ बसल्या. "आमची सून. पत्रिकेत नाव असा तिचा. मीच वाटलंय ती पत्रिका, सगळ्या लालबागेत."

मी पुढे होऊन सही केली. पोस्टमन गेला. पाकीट हातात घेऊन मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. इतके महिने मनात साठलेलं एकदम बाहेर आलं. "आई, तुम्ही माझ्यावर रागावलात. घरचं नाव टाकलं म्हणून. आणि आता स्वतःच माझ्या नावाची साक्ष देता!"

"रागान नाय गो," त्या म्हणाल्या. काठीच्या टोकाने फरशीवर काहीतरी गिरवत होत्या. "ता घरचा नाव नव्हता. ता माझा होता."

"कुठलं?"

"तुझ्या तांदळातला. माझ्या बापाशीन ठेवलेला. लग्नात माझ्या सासयेन बदलल्यान. मगे कोणीच घेवक नाय. तू इलंस, म्हटलं हिका दिऊया. घरात हाक तरी ऐकू येयत. हाक तुका मारूची, नि ऐकूची आपणच."

गॅलरीतून हाक आली की झटकन वळणारी ती मान माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मी तिला पाळत समजले होते. ती तर ओ द्यायला वळत होती. एवढी वर्षं आपलंच नाव दिवसातून वीस वेळा चहाच्या निमित्ताने घेत होत्या, आणि मी ते 'जुने नाव' या चौकटीत टाकून सरकारी शिक्क्यानिशी रद्द करून आणलं होतं. मला रडू आलं, आणि मी रडले. वॉचमनने नजर दुसरीकडे वळवली.

"रडतंस कित्याक?" त्या म्हणाल्या. "तुझा तुका गावला ना? उघड ता पाकीट. फोटो कसो इलो बघूया."

फोटो भयंकर आला होता. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

गुरुवारी नवऱ्याने गाडी धुऊन, पुसून, हार घालून उभी केली आणि स्वतः मागच्या सीटवर पट्टा लावून डोळे मिटून बसला. सासूबाई माझ्या शेजारी. टाळांची पिशवी मांडीवर. लालबागच्या पुलावर मागून एक ट्रक भोंगा वाजवत आला. मागच्या सीटवरून नवऱ्याचा आवाज आला, "अगं!" मी काच खाली करून त्या ट्रकवाल्याला लालबागच्या शुद्ध मराठीत दोन शब्द सुनावले. गिरगावातल्या माझ्या शाळेने ऐकले असते तर दाखला परत मागितला असता.

ठाकूरद्वारला गाडी कडेला लावली. भजनाच्या बायका दारातच उभ्या होत्या, सगळ्या यांना आजी नाहीतर मावशी म्हणणाऱ्या. सासूबाई काठी टेकत निघाल्या, आणि टाळांची पिशवी सीटवरच राहिली. मी ती उचलली, खाली उतरले. आई म्हणून हाक मारणार होते. मग तीच ती चार अक्षरं आठवली, जी आता माझी नव्हती. मी ती मोठ्याने उच्चारली, सगळ्या बायकांच्या देखत, आणि पुढे आदराने बाई लावलं.

दारातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ही कोण, असं.

सासूबाई झटकन वळल्या आणि म्हणाल्या, "ओ."